दोन बोटं की वीतभर: गच्चीवरून विमानांमधलं अंतर कसं ओळखायचं

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एक व्हिडिओ पडला. अकरा सेकंदांचा. पारसिकच्या डोंगरावर तिन्हीसांजेचं आकाश, त्यात एकाखाली एक दोन झगझगीत दिवे, आणि मागून आवाज, "अरे बघ बघ, आपटतात आता!" खाली जोडलेल्या हातांची रांग. तासाभरात तो व्हिडिओ कळव्याचा पूल ओलांडून ठाण्याला माझ्या भाच्याकडे पोचला.

भाचा माजिवड्याला अठराव्या मजल्यावर राहतो. त्याचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "मावशी, हीच दोन विमानं मी बाल्कनीतून बघत होतो. मला तर त्यांच्यात चांगलं वीतभर अंतर दिसलं. मग खरं कोण?"

खरे दोघंही. फक्त उभे वेगवेगळ्या ठिकाणी होते.

मी एकतीस वर्षं हवाई वाहतूक नियंत्रणात काढली. काही टॉवरवर, बरीचशी रडारच्या अंधाऱ्या खोलीत. निवृत्त झाल्यापासून असले व्हिडिओ मला महिन्याला दोन-तीन तरी येतात आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन जीव मेटाकुटीला येतो. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते: आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या गच्चीवरून दोन विमानं जवळ दिसली तर काय बघायचं, काय मोजायचं, आणि खरी गडबड होते ती कुठे होते.

आधी उभं कुठे आहात ते बघा

मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरणारी विमानं पूर्वेकडून येतात. बहुतेक दिवस वारा समुद्रावरून असतो, त्यामुळे ही दिशा आपल्या सवयीची. ती सरळ रेषा पारसिकचा डोंगर, मग वाशी-कोपरखैरण्याची सीमा, खाडी, घाटकोपर अशी जाते. शेवटच्या टप्प्यातल्या या सरळ रेषेला आम्ही फायनल म्हणतो. विमान तीन अंशांच्या उतारावरून येतं, म्हणजे धावपट्टीपासूनच्या दर मैलाला साधारण ३२० फूट उंची धरा. (मैल म्हणजे इथून पुढे नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटर.) नवी मुंबईतल्या आमच्या सेक्टरवरून जाणारं विमान धावपट्टीपासून सातेक मैलांवर असतं, म्हणजे बावीसशे फुटांच्या आसपास.

आता मी गच्चीवर पूर्वेकडे तोंड करून उभी राहिले, तर मी त्या रेषेच्या तोंडाशी उभी आहे. पहिलं विमान माझ्यापासून तीन मैलांवर, दुसरं सहा मैलांवर. मधे साडेपाच किलोमीटर हवा आहे. पण मला ती बाजूने दिसत नाही, टोकाकडून दिसते. हिशोब केला तर हे दोन दिवे एकमेकांपासून जेमतेम साडेतीन अंशांवर येतात. हात लांब करून बोटं धरली तर दोन बोटं. माळेतला आकाशकंदील माळेच्या टोकाला उभं राहून पाहावा तसं.

भाच्याचं घर त्या रेषेपासून उत्तरेला साधारण तेरा किलोमीटरवर. तो खाडीच्या दिशेनं दक्षिणेला बघतो, म्हणजे रेषेकडे आडवा. तेच तीन मैल त्याला बावीसेक अंशांचे दिसतात. हात लांब करून पंजा पूर्ण ताणला की अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण तेवढंच होतं. वीतभर. पोराचा अंदाज अगदी बरोबर होता.

तर पहिला नियम: विमानं तुमच्याकडे येत असतील किंवा तुमच्यापासून दूर जात असतील, तर त्यांच्यातल्या अंतराबद्दल एक अक्षर बोलू नका. आडव्या रेषेत दिसत असतील तरच बोला. वाशी, कोपरखैरणे, घाटकोपरवाल्यांनी आडव्या रेषेतल्या कुणाला तरी फोन करावा. ठाण्यातला मेहुणा, आत्या, कुणीही चालेल.

विमानाच्या आकारावर तर अजिबात जाऊ नका. एअरबस ३२० ची लांबी साडेसदतीस मीटर, बोइंग ७७७-३०० ईआरची जवळपास चौऱ्याहत्तर. म्हणजे जवळचं एअरबस आणि दुप्पट लांबचं ७७७ डोळ्यांना सारखंच दिसतं, आणि सारखं दिसलं की मेंदू त्यांना शेजारी नेऊन बसवतो. मेंदूची ही खोड पायलटलाही आहे. ते पुढे येईलच.

त्यात आता आपल्याकडे रेषाही दोन झाल्या. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं सुरू झाली. तिथली धावपट्टी ०८/२६ म्हणजे मुंबईच्या ०९/२७ ला जवळपास समांतर, दक्षिणेला दहा-अकरा किलोमीटरवर. माजिवड्याहून दक्षिणेला फोन धरला की एक विमान तेरा किलोमीटरवरच्या रेषेवर, दुसरं चोवीस किलोमीटरवरच्या, आणि दोन्ही एकाच चौकटीत! झूम केलं की मधलं अंतर गायब. असा व्हिडिओ आला की मी आधी विचारते, दोन्ही एकाच विमानतळाला चालली होती का? बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो.

सेकंद मोजा

डोळ्यांपेक्षा घड्याळ बरं. गच्चीवरची एक पक्की खूण घ्या. माझी खूण म्हणजे समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीचा कोपरा. पहिलं विमान त्या कोपऱ्यावरून गेलं की फोनचं स्टॉपवॉच सुरू, दुसरं गेलं की बंद. खांबाला डोकं टेकवून उभं राहायचं आणि एक डोळा मिटायचा, नाहीतर तुम्ही हललात की खूणही हलते.

उतरणारं जेट फायनलवर साधारण १४० ते १६० नॉट (नॉट म्हणजे तासाला एक मैल) वेगाने येतं, म्हणजे एका मैलाला बावीस ते सव्वीस सेकंद. गुणाकार करा. तीन मैलांना सहासष्ट ते अठ्ठ्याहत्तर. पाच मैलांना एकशे दहा ते एकशे तीस. वारा समोरून जोराचा असेल तर सेकंद वाढतात, कारण जमिनीवरचा वेग कमी होतो.

हे तीन आणि पाच कुठून आले? रडारवर विमानांमध्ये ठेवायचं किमान अंतर विमानतळाजवळ सर्वसाधारणपणे तीन मैल असतं, किंवा मग उंचीत १००० फूट. दोन्हींपैकी एक असलं की पुरे, हे लोकांना ठाऊक नसतं. पुढे अवजड विमान आणि मागे मध्यम असेल तर पाच मैल, कारण मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांमागे हवेचे भोवरे सुटतात. त्याला वेक टर्ब्युलन्स म्हणतात. ते दिसत नाहीत, हळूहळू खाली बसत जातात आणि मागून येणाऱ्या छोट्या विमानाला एका कुशीवर लोटू शकतात.

मुंबईत प्रत्यक्ष अंतर याहून बरंच जास्त असतं. तिथल्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी मुख्य काम एकीवरच, आणि त्याच धावपट्टीवरून दोन उतरणाऱ्यांच्या मधे एकाला उडवायचं असतं. माझ्या टाकीवर दोन ते अडीच मिनिटं हा गर्दीच्या वेळचा नेहमीचा आकडा आहे. सव्वा मिनिट आलं तर मी खुर्चीतून उठून बघते. साठ सेकंद आलं तर फोन हातात घेईन, पण अजून तशी वेळ आलेली नाही.

एक जादाचं बघायचं, मागचा पुढच्याला गाठतोय का. मागचा वीस नॉटने जास्त वेगात असेल तर तीन मिनिटांत एक मैल खातो. एका खुणेवर नव्वद सेकंद आणि पुढच्या खुणेवर सत्तर, असं काही मिळालं तर ते खरं निरीक्षण. एका खुणेवरचा एकच आकडा म्हणजे फोटो, गोष्ट कळायला दोन लागतात. भाच्याने आता कळव्याच्या बाजूचा एक टॉवर आणि मुलुंडकडचा एक अशा दोन खुणा धरल्यात. मी म्हटलं, चालेल, पण दोन्ही खुणांच्या मधे विमानाची रेषा वळता कामा नये.

ॲपवर काय बघायचं, काय सोडायचं

विमानं दाखवणारं ॲप सगळ्यांकडे असतं. त्यावरची विमानाची खूण ही नुसती खूण आहे. नकाशा लहान केला की ती खूण मैलभर पसरते. खुणा एकमेकींवर चढल्या म्हणून विमानं चढत नाहीत.

उंचीचा आकडा मात्र जपून वाचायचा. विमान प्रक्षेपित करतं ती उंची १०१३ हेक्टोपास्कल हा ठरीव दाब धरून काढलेली असते. पावसाळ्यात आपल्याकडे दाब उतरतो. समजा त्या दिवशी १००३ आहे. एका हेक्टोपास्कलला साधारण २७-२८ फूट, म्हणजे ॲप खऱ्या उंचीपेक्षा पावणेतीनशे फूट जास्त दाखवतंय. "विमान उतारापेक्षा वर आहे, पायलट चुकला" असं गेल्या जुलैत एका गृहस्थांनी मला पटवून सांगायचा प्रयत्न केला होता, त्याचं मूळ हे. गंमत अशी की दोन विमानांच्या उंचीतला फरक मात्र बरोबर येतो, कारण चूक दोघांत सारखीच. म्हणून एका विमानाची उंची सोडा, दोघांमधला फरक बघा. १००० फूट किंवा जास्त असेल तर पुढचं काही बघायची गरज नाही.

आणि रेडिओ स्कॅनर घेऊन आमचं बोलणं ऐकायचा मोह होतो, तो आवरा. परवान्याशिवाय ते यंत्र बाळगणं आपल्याकडे कायद्यात बसत नाही.

खरी गडबड: "दिसतंय" म्हटल्यावर

इथपर्यंत मी सांगितलं ते मुंबईच्या रोजच्या कामाचं, जिथे विमानं आयएलएसच्या रेडिओ-वाटेने येतात आणि अंतर राखायची जबाबदारी नियंत्रकाची. पण हवा स्वच्छ असते तेव्हा दुसरी एक पद्धत असते, व्हिज्युअल अप्रोच. पायलटला जमीन स्वच्छ दिसतेय, ढगांचा तळ पुरेसा वर आहे, तर तो यंत्राची वाट सोडून डोळ्यांनी येऊन उतरतो. तो स्वतः मागू शकतो, किंवा नियंत्रक विचारू शकतो. वेळ वाचतो, इंधन वाचतं. अमेरिकेतल्या गर्दीच्या विमानतळांवर तर यावरच दिवस निघतो.

इथे एक सूक्ष्म गोष्ट घडते. मागच्या पायलटने "पुढचं विमान दिसतंय" असं सांगेपर्यंत अंतर नियंत्रक राखतो. त्याने सांगितलं, नियंत्रकाने "त्याच्यामागे चला, अंतर तुम्ही राखा" म्हटलं, की तीन मैलांचा आकडा गळून पडतो आणि जबाबदारी कॉकपिटमध्ये जाते. त्यानंतर दोन मैल दिसले तरी तो नियमभंग नाही. म्हणून परदेशातल्या व्हिडिओंवर "अंतर मोडलं" असं छातीठोक लिहिणाऱ्यांना मी आधी विचारते, ते कुठल्या अप्रोचवर होते?

रिक्षात बसून तुम्ही म्हणता, "दादा, त्या पांढऱ्या गाडीच्या मागे घ्या." दादा म्हणतात, "घेतो." रस्त्यावर पांढऱ्या गाड्या तीन. तुम्ही एक बघताय, दादा दुसरी, आणि दोघांचंही समाधान झालंय. व्हिज्युअल अप्रोचमधले बरेचसे घोळ या एका वाक्यात मावतात.

माझा स्वतःचा घोळ सांगते. विमानतळाचं नाव सांगत नाही, मुंबई नव्हे. ऑक्टोबरची दुपार, पाऊस नुकता सरलेला, धुतल्यासारखी हवा. फायनलवर दोन एअरबस: पहिला धावपट्टीपासून दोन मैलांवर, दुसरा नऊ मैलांवर. दक्षिणेच्या बाजूने एक एटीआर (पंख्यांचं छोटं प्रवासी विमान) डाउनविंडवर, म्हणजे धावपट्टीला समांतर पण उलट दिशेने, पूर्वेला चाललेला. त्याला दुसऱ्या एअरबसच्या मागे घालायचं माझ्या मनात. माझ्यासमोरच्या स्ट्रिपा, म्हणजे एकेका विमानाची माहिती लिहिलेल्या पट्ट्या, त्याच क्रमाने लावलेल्या. मी म्हटलं, "ट्रॅफिक, एअरबस, डाव्या बाजूला, फायनलवर." तो म्हणाला, "ट्रॅफिक इन साइट." मी म्हटलं, त्याच्यामागे या, व्हिज्युअल अप्रोचला परवानगी.

त्याला पहिला एअरबस दिसत होता. तोही डाव्या बाजूला, तोही फायनलवर, आणि जवळ असल्याने चांगला ठसठशीत. त्याच्या हिशोबाने पुढची वाट मोकळी. त्याने डावीकडे वळण घेतलं, थेट दुसऱ्या एअरबसच्या पुढ्यात.

रडारचं चित्र दर काही सेकंदांनी बदलतं. पहिल्या वेळी मला वाटलं ठिपका सरकलाय. दुसऱ्या वेळी कळलं की तो वळतोय, आणि हाताच्या तळव्यांना घाम फुटला. त्याला ताबडतोब उजवीकडे, दक्षिणेला वळवलं, उंची धरून ठेवायला सांगितली. तोपर्यंत एअरबसच्या कॉकपिटमध्ये टीकॅस, म्हणजे जवळच्या विमानाचा इशारा देणारी यंत्रणा, "ट्रॅफिक, ट्रॅफिक" म्हणून गेली होती. सर्वांत जवळ आले तेव्हा अंतर एक पूर्णांक आठ मैल, उंचीतला फरक ३०० फूट. लागलं कुणालाही नाही. मला त्याच दुपारी खुर्चीवरून उठवलं, चौकशी झाली, पुन्हा प्रशिक्षण झालं. चौकशीत टेप लावली तेव्हा स्वतःचाच आवाज ऐकला. चार शब्द बोलले होते आणि चारही शब्द दोन्ही विमानांना लागू पडत होते. पायलटला जे दिसलं ते त्याने सांगितलं. "कुठलं दिसतंय?" हे मी विचारलं नव्हतं.

त्यानंतर मी प्रशिक्षणार्थींना जे शिकवलं ते इथेही लिहिते, कारण हे वाचणाऱ्यांत कुणी ना कुणी वैमानिकी शिकणारं किंवा नियंत्रकाच्या परीक्षेला बसणारं असणारच.

विमान दाखवताना घड्याळाचा आकडा (नाकासमोर बारा धरून दिशा), मैल, जात आणि उंची चारही सांगा: अकरा वाजता, सहा मैल, एअरबस ३२०, तीन हजारांतून खाली येतोय. आणि आसपास तशाच जातीचं दुसरं असेल तर तेही सांगा, म्हणजे "फायनलवरचा दुसरा, धावपट्टीजवळचा नव्हे." क्रमांक द्या, "तुम्ही तिसरे." पायलटला तिसरा म्हटलं आणि त्याला पुढे एकच दिसत असेल तर तो स्वतःच विचारतो. शंका असली तर सरळ विचारा, तुमच्या अंदाजाने किती मैलांवर आहे? दोनचं उत्तर आलं आणि तुमच्या पडद्यावर सहा असतील तर परवानगी द्यायचीच नाही. जबाबदारी सोपवण्याआधी वेग जुळवून घ्या, गाठत चाललेल्याला मागे लावून "आता तुझं तू बघ" म्हणणं बरं नव्हे. अवजड विमानामागे लावताना वेक टर्ब्युलन्सचा इशारा विसरू नका. पायलटने मग पुढच्याच्या वाटेपेक्षा थोडं वर राहावं आणि त्याची चाकं टेकली त्याच्या पुढे टेकवावीत.

पायलट असाल तर एकच जास्तीचं: दिसेनासं झालं की त्या क्षणी सांगा. लाज वाटते, माहितीये. सांगा.

२५ सप्टेंबर १९७८ ला अमेरिकेत सॅन दिएगोला याच ठिकाणी माती झाली. व्हिज्युअल अप्रोचवरच्या बोइंग ७२७ ला पुढच्या छोट्या सेस्नाची माहिती दिली होती, त्यांनी दिसतंय म्हणून सांगितलंही. मग ते नजरेतून निसटलं. कॉकपिटमध्ये त्याबद्दल बोलणं झालं, पण आता आम्हाला ते दिसत नाही असं नियंत्रकाला स्पष्ट कळवलं गेलं नाही. खाली जमिनीवरचे सात धरून १४४ माणसं गेली. अलीकडे, २९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनला लष्करी हेलिकॉप्टर आणि उतरणारं प्रवासी विमान आदळलं, ६७ गेले. त्याही टेपमध्ये हेलिकॉप्टरमधून विमान दिसतंय असं सांगितल्याचं आहे. ती टेप मी एकदाच ऐकली.

न हलणारा दिवा

दिसत कसं नाही, एवढं मोठं विमान? रात्री गच्चीवर या, दाखवते.

खिडकीच्या ग्रिलचा एक गज घ्या. डोकं स्थिर ठेवून विमानाचा दिवा त्या गजाशी लावा. दिवा गजापासून सरकत गेला तर ते विमान तुमच्या बाजूने निघून जाणार. दिवा गजाला चिकटून राहिला आणि नुसताच मोठा होत गेला, तर ते तुमच्याकडे येतंय. आपला डोळा हालचाल टिपायला बनलाय. धडकेच्या वाटेवरची वस्तू काचेवर हलतच नाही, म्हणून ती सर्वांत उशिरा लक्षात येते. रात्री तर खालच्या शहराच्या हजार दिव्यांत हा एक न हलणारा दिवा. पारसिकवर टांगल्यासारखे दिसणारे दिवे न हलण्याचं कारण तेच, ते सरळ आपल्याकडे येत असतात. आपल्याला काही नाही, आपल्या डोक्यावरून बावीसशे फुटांवरून जातील.

आणि टीकॅस आहेच की, असं कुणी म्हणेल. १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानं आदळून ३४९ माणसं गेली, त्यानंतर आपल्याकडे ही यंत्रणा सक्तीची झाली, आणि तिने फार जीव वाचवलेत. पण जमिनीपासून हजारेक फुटांखाली ती "वर जा, खाली जा" असे आदेश देत नाही. म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या तीन मैलांत तिचा भरवसा धरता येत नाही. वरच्या टप्प्यात मात्र तिने आदेश दिला तर पायलटने तिचंच ऐकायचं, नियंत्रकाचं नाही, आणि नियंत्रकाने तोंड मिटून घ्यायचं. हे तोंड मिटणं आम्हाला शिकायला वेळ लागतो.

धावपट्टीच चुकली तर

डोळ्यांनी येणाऱ्याला आणखी एक खड्डा असतो. सॅन फ्रान्सिस्कोला दोन समांतर धावपट्ट्यांच्या मध्यरेषांत फक्त ७५० फूट आहेत, सव्वादोनशे मीटरच्या आसपास. स्वच्छ हवेत तिथे वर्षानुवर्षं दोन विमानं जोडीने उतरवायचे, एकमेकांना बघत. गच्चीवरून बघणाऱ्याचा श्वास अडकला असता, पण ते रोजचं काम होतं. अट एवढीच होती की दुसरा दिसत राहिला पाहिजे, आणि वळताना आपली रेषा ओलांडून त्याच्या अंगावर जायचं नाही. ७ जुलै २०१७ ला रात्री त्याच विमानतळावर एक एअरबस ३२० धावपट्टीऐवजी शेजारच्या टॅक्सीवेवर, म्हणजे विमानं धावपट्टीपर्यंत चालवत नेतात त्या वाटेवर, उतरायला निघालं. दुसऱ्या धावपट्टीचे दिवे त्या रात्री बंद होते, म्हणून डोळ्यांना एक धावपट्टी कमी दिसली आणि सगळं एक घर सरकलं. टॅक्सीवेवर चार विमानं उभी. साठेक फुटांपर्यंत खाली येऊन ते वर उचललं गेलं.

फार लांब जायला नको. २४ सप्टेंबर १९७२ ला जपानचं एक डीसी-८ विमान सांताक्रूझचं मुख्य विमानतळ समजून जुहूच्या छोट्या विमानतळावर उतरलं! जुहूची धावपट्टी अकराशे मीटरच्या आसपास, ती पुरेना, विमान पुढे निघून गेलं. जीव सगळ्यांचे वाचले. मी नोकरीला लागले तेव्हा जुने लोक ही गोष्ट अशी सांगायचे की जणू स्वतः दोरी धरून विमान ओढलं होतं.

यावर उपाय साधा आहे आणि चांगले पायलट तो करतातच. व्हिज्युअल असला तरी त्या धावपट्टीचा आयएलएस लावून ठेवायचा. डोळा एक सांगतोय आणि काटा दुसरं, तर वर उचला, फेरी मारून परत या. गो-अराउंड म्हणतात ते हेच. अर्ध्या वाटेवरून विमान पुन्हा वर गेलेलं दिसलं की "बचावले" असं लिहू नका. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं.

खरंच काही वेगळं दिसलं तर

कधीतरी व्हिडिओ खरा असतो. ८ जून २०२४ ला मुंबईत एक विमान २७ वर टेकत असताना पुढचं त्याच धावपट्टीवर उड्डाणासाठी धावत होतं, तो व्हिडिओ देशभर फिरला. चौकशी लागली, नियंत्रकाला कामावरून बाजूला ठेवलं गेलं. त्या चित्रात आणि आमच्या पारसिकवरच्या चित्रात फरक काय? त्यात दोन्ही विमानं एकाच डांबरावर दिसत होती. मोजायला जमीन होती. आकाशातल्या दोन दिव्यांना मोजपट्टी नसते.

तुमच्याकडे आडवं दृश्य आहे, एकाच विमानतळाची दोन विमानं आहेत, सेकंद दोन खुणांवर मोजलेत, ॲपवर उंचीतला फरक १००० फुटांच्या आत आहे, आणि तरीही आकडा कमीच येतोय, तर वेळ सेकंदापर्यंत लिहा, उभे होतात ती जागा आणि बघत होतात ती दिशा लिहा, व्हिडिओ न कापता ठेवा आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला कळवा. रडारची नोंद आणि आवाजाची टेप जपलेली असते, तुमची वेळ बरोबर असेल तर ती काढून बघता येते. ग्रुपवर टाकायची घाई नको. लेझरचा ठिपका मारून "ते बघ" असं दाखवणाऱ्या मुलांचे मात्र कान पिळा. तो ठिपका कॉकपिटच्या काचेवर अख्खा हिरवा पडदा होऊन पसरतो, आणि डोळ्यांनी येणाऱ्याचे डोळेच गेले तर काय उरलं?

आमच्या डी विंगच्या व्हिडिओवाल्यांना मी गच्चीवर बोलावलं होतं. गच्चीची चावी वॉचमनकडे, वॉचमन चहाला गेलेला, त्यात तीन विमानं हुकली. चौथ्याला मी त्यांच्या हातात स्टॉपवॉच दिलं. दोन मिनिटं बारा सेकंद. त्यांनी पुन्हा मोजलं, दोन मिनिटं चाळीस. मग म्हणाले, "ताई, पण दिसतात केवढी चिकटून!" दिसतात खरी.

काल रात्री भाच्याचा मेसेज आला. "मावशी, अठ्ठावन्न सेकंद!! दोन्ही खुणांवर!"

मी लिहिलं, दोन्ही मुंबईचीच होती का, की एक पनवेलच्या बाजूचं?

बराच वेळ निळ्या खुणा नुसत्याच दिसत राहिल्या.